लाल कुठे लागलं

२१ ऑगस्ट, गुरुवार. काम एकच. तिरुभुवनमच्या दंतवैद्यबाईंच्या गाडीचं मागचं तेल काढून नवीन भरायचं. मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शिअल नवीन बसवलं की पहिलं तेल लवकर काढतात. ज्यांनी ते बसवलं ते काका असते, तर त्यांनी तेल बोटावर घेऊन आधी वास घेतला असता आणि म्हटलं असतं, "दातांस विचारूं, बाई."

दात म्हणजे गिअरचे. मोठ्या चक्राच्या चार-पाच दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, चक्र हाताने फिरवायचं आणि शेजारच्या गिअरने तो कुठे पुसला ते पाहायचं. दाताच्या मधोमध पुसला तर बसणी बरोबर. काठाला पुसला तर गाडी आधी रडते, मग दात तुटतो. या कामासाठी बाजारात ट्यूब मिळते. मी आणून दिली होती. त्यांनी तिचं टोपणही उघडलं नाही. "मारुतीस चालतो, तो गाडीस न चालायला काय झालें?"

तुम्ही मेकॅनिक पाहिले असतील, पण पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसून डिफरन्शिअल उघडणारा नसेल पाहिला. संध्याकाळीही ती पांढरीच असे. काका जवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावाहून पॅसेंजरने येत. कुंभकोणमचं हे वर्कशॉप माझ्या वडिलांचं, आणि काका वडिलांच्या वेळचे. त्यांचे पूर्वज तंजावरच्या पागेत होते. "आम्हीं पहिल्यापासून मागची बाजूच पाहतों," असं ते गंभीर चेहऱ्याने सांगत.

सगळ्यांशी तमिळ, माझ्याशी मराठी. माझी पुण्याची जाऊ एकदा ते ऐकून हसली. "अगं, हे बखर वाचल्यासारखं काय बोलतात?"

काका म्हणाले, "त्यांस सांगा, आम्हीं ठेवणीतली जपली. तुम्हीं रोज वापरून झिजविली."

दंतवैद्यबाईंची गाडी दोन माणसांची, उघड्या टपाची, सेकंडहँड, कंपनीचं सगळ्यात खालचं मॉडेल. अशा गाडीत साधं डिफरन्शिअल असतं. वळणावर आतलं चाक हलकं झालं की ताकद तिकडेच जाते आणि ते चाक नुसतं फिरतं. वरच्या मॉडेलला लिमिटेड-स्लिप असतं, ते दोन्ही चाकांना ओढायला लावतं. बाई कोइंबतूरला ट्रॅकवर जातात, म्हणून त्यांना ते हवं होतं. चेन्नईहून आणलेलं खोकं त्यांनी स्वतः उचलून टेबलावर ठेवलं.

काकांनी गाडीला एक फेरी मारली. "डॉक्टरअम्मा, यात दोघंच बसणार. तिसऱ्याला काय सांगता?"

"तिसरा माझा पेशंट असतो अय्या. त्याला क्लिनिकमध्ये बसवते."

शेंदूर लावताना पाहून बाई पुढे आल्या. "हे तर आम्हीही करतो. दातात रंगीत कागद ठेवून चावायला सांगतो. रंग उमटला तिथे दात उंच."

काकांनी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. एवढा आदर त्यांनी माझ्या वडिलांनाही दाखवला नव्हता.

आता मुद्द्याचं. काकांची नजर जात होती. औषधाने काही होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं होतं, त्यांच्याकडून नव्हे. त्या दिवशी त्यांनी नवीन डिफरन्शिअल बसवलं, शेंदूर लावला, चक्र फिरवलं, डोळे बारीक करून आत पाहिलं. "सरी," म्हणजे ठीक, असं म्हणाले आणि डबा घेऊन मागच्या ओट्यावर गेले. जेवून थोडा वेळ पडायची त्यांची सवय.

मी वाकून पाहिलं. शेंदूर सरळ काठाला पुसला होता.

मी त्यांच्याच हाताखाली शिकले. डिफरन्शिअल खाली काढलं. बाजूला पातळ पोलादी चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. त्यांच्या जाडीवर सगळं अवलंबून. एक काढून दुसरी, कमी जाडीची घातली, परत बसवलं. शेंदूर मध्याच्या जवळ आला. मला पुरेसा वाटला. त्यांना काही सांगायचं नाही असं ठरवलं. म्हाताऱ्या माणसाला कशाला लाजवायचं?

ते आले. दोन बोटं आत घालून चक्र जरासं हलवलं. पुन्हा हलवलं. मग म्हणाले, "बाई, आपण आरटीओत जाणार होतां ना?"

मी गेले. परतले तेव्हा झाकण लागलेलं, तेल भरलेलं. ते हात धूत होते. दंतवैद्यबाई गाडी घेऊन गेल्या होत्या.

"दात काय म्हणाले?" मी विचारलं.

"खुशाल आहेत."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरळ सांगितलं. "काका, या, बसा, कॉफी घ्या. कामाला हात नको आता."

वाद घातला नाही. "सरी, बाई." दोन दिवस आले, स्टुलावर बसले. तिसऱ्या दिवसापासून आले नाहीत. गेल्या महिन्यात गेले. मी जाऊन आले. रडले नाही, आणि रडू येत नाही याचंही काही वाटलं नाही.

तर गुरुवारी तेल काढलं. खालच्या बुचाच्या चुंबकावर लोखंडाचा राखेसारखा बारीक लेप, दाताचा तुकडा एकही नाही. त्याआधी गाडी तिरुवलंचुळीपर्यंत चालवून आणली होती. आवाज शून्य. माझ्या हातचं काम इतकं शांत कधी नसतं, म्हणून झाकण उघडलं. शेंदूर लावून पाहिला. अगदी मधोमध. सगळं बाहेर काढलं. माझी शिम तिथे नव्हती. तिच्या जागी हाताने दगडावर घासून जाडी आणलेली शिम होती. तशी घासणारा आमच्याकडे एकच माणूस होता.

दंतवैद्यबाईंना फोन लावला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "मी गाडी न्यायला आले तेव्हा ते एकटेच होते. म्हणाले, डॉक्टरअम्मा, मला दिसत नाही, तुम्ही सांगा लाल कुठे लागलंय. मी टॉर्च धरून सांगत गेले. तीनदा काढलं, तीनदा घासलं."

"मला का नाही सांगितलं?"

"नको म्हणाले. बाईंनी माझी चूक लपवली, आता मी त्यांची लपवतो."

मी बरं म्हणून फोन ठेवला. त्यांची शिम जागेवर घातली, झाकण लावलं, तेल भरलं.

शुक्रवारी सकाळी पॅसेंजरने सुंदरपेरुमाळ कोयिलला गेले. त्यांची बायको दारात भाजी निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं, "काकू, त्यांचं शेवटचं काम बरोबर होतं. चूक माझी होती, आणि काम मी त्यांचं बंद केलं."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "हें त्यांस सांगावयाचें होतें," म्हणाल्या.

मी हो म्हटलं. त्यांनी सुपाशेजारी जागा केली. मी खाली बसले आणि उरलेली भाजी निवडू लागले.