मुदतसाहेबांचं टिटवाळ्याचं स्थळ

आमचे मुदतसाहेब कुणाचीही वाट पाहायला तयार असत, फक्त किती वेळ ते आधी बजावून. कँटीनच्या अण्णांनाही सांगत, "पाच मिनिटं थांबेन, मग पाणी पिऊन कामाला लागेन." आणि खरंच लागत.

नव्वदच्या सुमारास ठाण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत दोन प्रोसेसरवर चालणारं एक यंत्र तयार होत होतं आणि ते मधूनच ठप्प व्हायचं. त्यातलं प्रत्येक काम रांगेत उभं राहून निरोपाची वाट बघे. निरोप आला तर पुढे जायचं, मुदत संपली तर रिकाम्या हाताने परतायचं, हा नियम साहेबांचाच. "यात चुकण्यासारखं आहे काय?" असं आम्हालाच दरडावत.

लग्नाच्या बाबतीतही तेच. टिटवाळ्याची एक शिक्षिका त्यांच्या मनात भरली होती. इतकी, की तिचं नाव निघालं की स्वारी उगाच चष्मा पुसायला घेई. तरी तिच्या मामांना यांनी मुदत दिलीच, "दसऱ्याला चारपर्यंत कळवा, नाहीतर शहाडच्या स्थळाला होकार देऊ." आता अशा माणसाला काय म्हणावं?

दसऱ्याची सुट्टी सोडून आम्ही त्या यंत्राशी झटत होतो. चार वाजले. साहेबांनी पडेल चेहऱ्याने शहाडला फोन लावून होकार दिला. नेमके त्याच वेळी टिटवाळ्याचे मामा साहेबांच्या कल्याणच्या घरी होकार घेऊन पोचले होते, आणि आईंनीही आनंदाने हो म्हणून टाकलं होतं. घरी फोन नव्हता. संध्याकाळी साहेब पोचतात तो मामा श्रीखंड-पुरी खाताहेत आणि शहाडची मंडळी सोनं द्यायला दारात उभी. दोन्हीकडचे तणतणत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब येऊन थेट यंत्रासमोर बसले. मग म्हणाले, "अरे, यंत्रात हेच होतंय. एक प्रोसेसर म्हणतो निरोप आला, त्याच क्षणी दुसरा म्हणतो मुदत संपली, आणि दोघंही त्याच कामाला रांगेतून ओढतात. आता ओढण्याआधी रांगेला कुलूप लावायचं. दुसऱ्याने आधीच लावलं असेल, तर तो उघडेपर्यंत थांबायचं, मग बघायचं, काम अजून रांगेत आहे का? नसेल तर गप बसायचं."

"साहेब, हे आधी टिटवाळ्याला जाऊन सांगा," मी म्हटलं.

"आधी यंत्र चाचणीत पास होऊ दे रे."

यंत्र पास झालं, पण तुळशीची लग्नं उरकल्यावर. साहेब नवा शर्ट घालून टिटवाळ्याला गेले आणि सोमवारी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. आम्ही अभिनंदन करत तुटून पडलो.

"तिच्या साखरपुड्याचे आहेत," साहेब म्हणाले.

हातातला पेढा मी हळूच पुड्यात परत ठेवला. इतकं वाईट मला स्वतःसाठीही कधी वाटलं नव्हतं.

"तिने स्वतः हातात दिले, नाही कसं म्हणणार?" ते पुडा पुढे करत म्हणाले. "घ्या, ताजे आहेत."