इथिओपियातला हुरडा

पिंगळी गावच्या आमच्या शेतात परवा हुरड्यासाठी आगटी पेटली आणि त्या धुराच्या वासासरशी मी थेट इथिओपियात पोहोचलो.

तिथल्या एका खेड्यात मी स्वयंसेवक म्हणून मुलांना शिकवीत असताना माझे थोरले बंधू, दादा, दिवाळीला आले होते. "नुसता भेटायला गेल्तो," असे ते आजही सांगतात. ते साफ खोटे आहे. ते मला परत न्यायला आले होते आणि माझे तिकीट त्यांच्या खिशात होते.

ते येणार म्हणून मी आठ दिवस हरखून गेलो होतो. पाडव्याच्या सकाळी शेजाऱ्याच्या शेतातली ज्वारीची कोवळी कणसे भाजली आणि गरम, हिरवे दाणे चोळून त्यांच्या तळहातावर ठेवले. दादा कितीतरी वेळ चावत राहिले.

"लय गोड हाय की रे. तुला इथं करमायलंय म्हण की."

"करमायलंय, दादा."

"मग ऱ्हा."

आणि त्यांनी ते तिकीट आगटीत टाकले.

परवा हे मी सर्वांसमोर सांगितले, तर दादा म्हणाले, "पुरावा दाखीव." पुरावा त्यांनी स्वतःच जाळला, त्या जाळावर भाजलेले कणीस मात्र मी खाल्ले आहे.