पपईच्या चिकातलं मटण

अमरावतीच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत मी लागले तेव्हा पेनिसिलिन नवं होतं आणि ते सांभाळणं माझ्याकडे होतं. बडनेऱ्याहून भुशात गुंडाळून आलेल्या बर्फात कुप्या ठेवायच्या. गजरे विकणाऱ्या चाचीच्या अंगठ्यात गुलाबाचा काटा मोडला, हात सुजला, चार दिवस पेनिसिलिनच्या सुया टोचूनही सूज उतरेना, तेव्हा डॉक्टरसाहेबांनी मलाच धारेवर धरलं. म्हणाले, बर्फ वितळू दिला असशील, औषध बाद झालं. नागपूरहून नवी कुपी येईपर्यंत थांबू.

माझं डोकंच फिरलं. बर्फ मी डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता. औषध चांगलं असेल, तर नव्या कुपीनंही सूज उतरणार नव्हती, आणि नुसतं थांबण्यात चाचीचा हात जाणार होता. मग ते दाखवूनच द्यायचं ठरवलं.

जंतू वाढवायला मांसाचा अर्क लागतो, आणि मांस पचवायची पूड संपलेली. मी अकोल्याच्या जठारपेठेतली, घरात चातुर्मासात कांदासुद्धा बंद. मटण आणून नुसतंच उकळलं, तर ते चामड्यासारखं झालं. चाचीनेच खाटेवरून सांगितलं, कच्च्या मटणाला पपईचा चीक लाव. आमच्याकडे लग्नाचं मटण तसंच मऊ करतात, म्हणाली. चिकानं खरोखर त्याचा लगदा झाला.

त्या अर्कात चाचीच्या जखमेतले जंतू वाढवले, त्यांच्यात आमचं औषध दिवसभर ठेवून गाळून घेतलं. या औषधानं हमखास मरणारे दुसरे जंतू दोन बशांत पसरले. एकीत कुपीतलं औषध टाकलं, दुसरीत हे गाळलेलं. पहिल्या बशीत थेंबाभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडला. दुसरीत काहीच मेलं नव्हतं. औषध चांगलं होतं. चाचीच्या जंतूंनी ते मोडून टाकलं होतं, चिकानं मटण मोडावं तसं. मी आनंदानं पळतच साहेबांकडे गेले.

त्यांनी बशा उजेडात धरल्या, माझी चूक झाली म्हणाले, आणि नव्या कुपीची वाट न पाहता त्याच दुपारी चाचीचा अंगठा कापला. हात वाचला. त्या पळण्याची मला अजून लाज वाटते.

घरी जायच्या दिवशी चाचीनं विचारलं, "औषध चांगलं होतं, मंग माह्याच हातात काहून हरलं?"

तुझे जंतू ते मोडतात, पण कसं ते मला माहीत नाही, असं मी खरं ते सांगितलं.

"मंग शोधून काढ ना, बाई."

एवढं बोलून ती चार बोटांनी मोगऱ्याला दोरा गुंडाळायला लागली. गाठ सुटली. तिनं परत मारली. मी आत जाऊन पुढच्या शिक्षणाचा अर्ज लिहायला घेतला.