लमेटा आक्का

आमच्या आक्का दगड जिभेला लावायच्या. बेळगावात कॅम्पातल्या कॉलेजात त्या भूगर्भशास्त्र शिकवत. जबलपूरकडच्या लमेटा खडकांत डायनासोरची हाडं सापडतात, आणि तासाला विषय कुठलाही असो, आक्का शेवटी तिथंच पोचायच्या. म्हणून लमेटा आक्का. हाडाचा दगड झाला तरी त्यात बारीक छिद्रं राहतात, म्हणून तो जिभेला चिकटतो. साधा दगड चिकटत नाही. "डोळा फसतोय रं, जीभ न्हाय," म्हणायच्या.

आक्का निपाणीच्या जैन घरातल्या सूनबाई. कांदा-बटाटा वर्ज्य, दिवस मावळायच्या आत जेवण. सहलीतही ऊन उतरलं की डबा उघडायच्या, मग समोर डायनासोर का उभा राहीना. एवढं पाळणाऱ्या बाईनं हाड चाटावं, याची आम्ही मनसोक्त चेष्टा करायचो. त्याही हसायच्या. सासूबाईंना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं.

आमच्या वर्षी लमेटाची सहल ठरली. मी पिरनवाडीचा, रेल्वेनं लोंढ्याच्या पुढं कधी न गेलेला. त्याआधी कॉलेजात दगडांचं प्रदर्शन भरलं. सून काय शिकवते ते बघायला सासूबाई आल्या, आणि नेमक्या तेव्हाच आक्का एक तुकडा जिभेला लावून दाखवत होत्या. ते काय, म्हणून त्यांनी विचारलं. आक्कांना खोटं बोलता येतच नसे.

"हाड हाय, आत्या."

सासूबाई नको म्हणाल्या असत्या तर आक्का गेल्या नसत्या, आणि आक्कांशिवाय सहल कसली? म्हातारीनं हात न लावता तुकडा न्याहाळला. जनावर खायचं काय, विचारलं. पाला, आक्का म्हणाल्या. मारलं कुणी? तेव्हा माणूसच नव्हता, आणि आता हाडही उरलं नाही, त्याचा दगड झालाय.

"चूळ भर आन् चल," सासूबाई म्हणाल्या. "तिकडं जाताना पाण्याचा तांब्या संगट घे."

मी हुश्श केलं ते शेजारच्या वर्गात ऐकू गेलं असेल. लमेटाच्या उन्हात आक्का दगड चाटत, चूळ भरत, पुन्हा दुसरा उचलत.

पुढं सासूबाई गेल्या. आक्का निवृत्त होऊन निपाणीला राहायला गेल्या आणि जाताना तांब्या माझ्याकडे देऊन गेल्या. यंदा मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन लमेटाला गेलो. एक तुकडा जिभेला लावला, तो चिकटला. आनंदानं आक्कांना फोन केला. हाड केवढं, कसलं, त्यांनी काही विचारलं नाही.

"चूळ भरलास न्हवं?" एवढंच म्हणाल्या.