पाटील कोण?

वरळी कोळीवाड्याच्या पाटलांना काहीही विचारलं, की ते डोक्यावरची लाल टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि म्हणत, "बसा. जमातीला इचारतो."

मग खरोखरच माणसं जमू लागत. सरकारी नोकरी केलेल्या वाचकांना माझ्या साहेबांची चुळबुळ सांगायला नको. मी तेव्हा जमीन मोजणीच्या कचेरीत नवा कारकून होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. कचेरीवर माझी देवासारखी श्रद्धा.

किनाऱ्यावर बोंबील वाळवायची मोकळी जागा होती. बांबूच्या वलांड्यांवर कुणी कुठे मासळी टांगायची, हे जमात ठरवी. भांडणही तीच मिटवी. साहेबांना कागदावर मालकाचं एक नाव हवं होतं. नाहीतर जागा सरकारजमा.

"पाटील, तुमचंच लावू."

"आनि मी मेल्यावर?"

"मुलाचं लागेल."

"मंग बाकीच्या गावानं बोंबील काय माज्या पोराच्या डोस्क्यावर वालत घालायचं?"

बायका खदखदून हसल्या. साहेब उठले.

त्याच दिवसांत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पाटील भेटले. मी म्हटलं, "आपलं राज्य आलं की हे प्रश्न राहायचे नाहीत."

"आपलं राज्य जमातीला इचारील ना, भाऊ?"

"विचारणारच!"

राज्य आलं, पेढे वाटून झाले. मग आम्ही पुन्हा कोळीवाड्यात गेलो. साहेब तेच, मागणी तीच, वर महिन्याची मुदत. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे. मी मोजणीच्या वहीत डोकं घातलं.

त्या संध्याकाळी जमातीपुढे त्यांनी पाटीलकी सोडली. "सरकारला एकटा मानूस लागतो. तो ठेवूच नका."

मुदत संपल्यावर साहेबांनी विचारलं, "आता पाटील कोण?"

"आमी," एक म्हातारी कोळीण म्हणाली आणि तिच्यामागे सगळा गाव येऊन बसला.

"इतकी नावं? मला वर विचारावं लागेल."

"इचारा, इचारा," मागून ओळखीचा आवाज आला. "तुमची पन जमातच हाय की!"

वरून होकार यायला पावसाळा उलटला, पण आला. घरटी एक, अशी नावं मी वलांड्यांच्या सावलीत बसून लिहिली. पाटील रांगेत सर्वांच्या शेवटी, टोपी हातात घेऊन. इतकी वर्षं पाटील म्हणत आलो. त्यांचं नाव मी त्या दिवशी प्रथम विचारलं.

आता ते नाहीत. पुढे एकदा नवे साहेब आले. त्यांनी विचारलं, "इथला पाटील कोण?" बोंबील टांगणारे हात पुसत पुसत एकेक जण येऊन बसू लागला.