सिस्टरमावशींनी सोडलेली खुर्ची

सिस्टरमावशींचं निम्मं बोलणं ‘पण समजा’ने सुरू व्हायचं. पण समजा, लिफ्ट मध्येच अडकली तर? म्हणून त्या खाली कचरा टाकायला जातानाही पाण्याची बाटली घेऊन जात. पण समजा, डोंगरात गाडी बंद पडली तर? म्हणून फुजैराहून दुबईला निघताना त्यांच्या पिशवीत टॉर्च, बिस्किटं आणि सगळ्यांना पुरतील इतकी ओआरएसची पाकिटं असत. मी तेव्हा शाळेत होते आणि मोठ्या माणसांना इंग्रजीतच उत्तरं द्यायची. “आंटी, रिलॅक्स, नथिंग विल हॅपन,” असं मी म्हटलं की त्या विचारत, “हे तुला कुणी सांगितलं? त्याचं नाव सांग, मी जाऊन विचारून येते.”

त्या मूळच्या मिरजेच्या. माझे बाबा ज्या तेलाच्या टर्मिनलवर शिफ्ट सुपरवायझर होते, त्याच कंपनीच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. यजमान लवकर गेले होते, मुलगा सांगलीला असे. फुजैरात मराठी घरं मोजकीच, त्यामुळे शेजार हेच नातं. आमच्या घरातल्या डब्यातलं भडंग संपत आलं की ते आईच्या आधी त्यांना कळायचं. सगळी कंपनी त्यांना सिस्टर म्हणे, आईने त्यांची ताई केली आणि मी दोन्ही जोडून सिस्टरमावशी.

कंपनीत एक पद्धत होती. कुणावर कामातल्या चुकीचा ठपका आला की प्रकरण आधी तीन कर्मचाऱ्यांच्या समितीपुढे जायचं. त्यात वकील नसे, मोठा साहेब नसे. आपल्यातल्याच तीन साध्या माणसांनी दोन्ही बाजू ऐकायच्या आणि निकाल सांगायचा, अशी कल्पना. पण ही ‘आपल्यातली’ माणसं वर्षानुवर्षं ऑफिसातल्या वरच्या मजल्यावरचीच निघत. एकाची बदली झाली की जाताना तो शेजारी बसणाऱ्याचं नाव सुचवून जाई. सुनावणीच्या दिवशी सकाळी जेट्टीवरची माणसं बीपी मोजायला दवाखान्यात येत, तेव्हा मावशींच्या हे हळूहळू लक्षात आलं. गोळी देऊन बीपी उतरवायचं आणि आत बसलेले चेहरे पाहून ते परत चढायचं, याचा त्यांना घोर लागला. एक दिवस त्या एचआरच्या साहेबांकडे गेल्या. “सर, ये तीन आदमी नहीं हैं, ये एक टेबल है,” त्या म्हणाल्या, “तीनों रोज साथ में खाना खाते हैं. मॅनेजर का दोस्त अंदर आए तो तीनों का दोस्त आया ना?”

साहेब म्हणाले, आम्ही तर सगळ्यांना आमंत्रण देतो, कामगार नावंच देत नाहीत. मावशींनी ते आमंत्रण पाहिलं. ते इंग्रजीत होतं आणि ईमेलवर पाठवलेलं होतं. जेट्टीवरच्या एकाही माणसाला कंपनीचा ईमेल नव्हता. मग ती सूचना हिंदीत, मल्याळममध्ये, उर्दूत, बंगालीत मेसच्या दारावर लागली. सुनावणीचा वेळ ड्यूटीत धरावा, नाहीतर ओव्हरटाइम बुडवून कोण येईल, हेही त्यांनी भांडून मान्य करून घेतलं. सगळ्यांत अवघड काम त्यापुढचं होतं. माणसं घाबरत. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर इकराम त्यांना म्हणाला, “सिस्टर, हम फैसला करेगा? हमको क्या समझता है?” त्यावर त्या म्हणाल्या, “जिसको सब समझता है, वो सुनता नहीं. तू बैठ.” अशी हळूहळू समितीच्या नावांची यादी बदलली; त्यातले तीन जण पाळीने बसत. त्या स्वतः पहिल्यांदा बसल्या, मग एक वेल्डर आला, मग इकराम. इकरामचं नाव लागलं तेव्हा बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी जिलेबी आणून बिल्डिंगभर वाटली.

आणि मग समितीपुढे जायचा बाबांचाच नंबर लागला. बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालबोटीत, तेल भरण्याआधी पाइप नीट जोडलाय का, हे बाबांनी स्वतः जाऊन पाहायचं असे. त्या दिवशी वॉकीटॉकीवर कुणीतरी ‘ओके’ म्हणालं आणि बाबांनी व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं. जोड सुटला, जेट्टीवर तेल पसरलं. खाली उभा असलेला एक माणूस घसरून पडला. त्याला फारसं लागलं नाही, पण बाबांवर ठपका आला. नोकरी गेली की व्हिसा जाणार, आणि बाबांच्या व्हिसावर आई आणि मी. माझी बारावीची परीक्षा तोंडावर होती. ज्या गावाला मी आपलं म्हणत होते ते सोडून, जिथे फक्त सुट्टीत गेले होते तिथे कायमचं जायचं, या विचाराने माझं पुस्तकाचं पानही उलटेना. घरात फोन वाजला तरी तिघंही दचकत होतो. आई तेवढी धीर धरून होती. “ताई आहेत ना तिथे,” ती सारखी म्हणायची. “आपलं माणूस आहे. काही होणार नाही, इन्शाल्ला.”

एक दिवस मावशी आल्या. बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. “वहिनी, भाऊंच्या सुनावणीतनं मी माझं नाव काढून घेतलंय,” त्या म्हणाल्या. “माझ्याऐवजी इकराम बसेल.”

आईला आधी कळेचना. “अहो ताई, मग एवढ्या भांडलात कशासाठी?”

“ह्यासाठीच भांडले.”

“म्हणजे आता बसचा ड्रायव्हर माझा निकाल लावणार?” बाबा म्हणाले. हेच का ते जिलेबी वाटणारे बाबा, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मलाही तेव्हा तेच वाटत होतं. समितीवर असल्यामुळे निकाल लागेपर्यंत आपल्याला बोलता येणार नाही, एवढं सांगून मावशी गेल्या. आईने दार जरा जोरातच लावलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भिंतीपलीकडे त्यांचा मिक्सर ऐकू यायचा, नळ ऐकू यायचा, आणि आमच्याकडे कुणी एकमेकांशी धड बोलत नव्हतं. लिफ्टमध्ये भेटल्या की त्या माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. त्यांचे डोळे सुजलेले दिसत. बरं झालं, असं मी मनात म्हणायची.

सुनावणीहून बाबा आले ते पाणीही न मागता बसून राहिले. आईने खोदून विचारल्यावर म्हणाले, “बाकीचे दोघं इंजिनियर, त्यांनी पाइपचं विचारलं, वेळेचं विचारलं. सगळं सांगितलं मी. मग तो इकराम म्हणाला, ‘साब, नीचे जो आदमी खड़ा था, उसको कुछ हो जाता तो?’” निकाल आला. नोकरी राहिली, सुपरवायझरपद गेलं. आम्ही फुजैरातच राहणार हे कळल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाबा मात्र मावशींशी बोलायचे थांबले. आईचं बोलणं महिन्याभरात परत सुरू झालं, भडंगही आलं, पण बाबा मान हलवायचे आणि पुढे जायचे. त्यांना शिक्षेचं दुःख नव्हतं. आपल्या माणसाने ऐन वेळी पाठ फिरवली, हे त्यांना खुपत होतं.

आता मी दुबईत नोकरी करते, इंटरनॅशनल सिटीत दोन मैत्रिणींबरोबर राहते. ऑफिसात कुणावर बालंट आलं आणि कुणी म्हणालं, “हबीबी, डोंट वरी, आत आपला माणूस आहे,” की सगळे निवांत होतात. मी होत नाही. समोरच्या बाजूच्या ज्या माणसाचं आत कुणीच नाही, तो आत्ता काय करत असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात येतो. ही काळजी मावशींनी मला लावली. ती काही केल्या जात नाही.

मावशी निवृत्त होऊन मिरजेला निघाल्या, तेव्हा त्यांनी टॅक्सी ठरवली होती. बाबांनी कुणाला न विचारता गाडीची किल्ली उचलली. मी सोबत होते. मसाफीचे डोंगर गेले, वाळू लागली, दुबईच्या इमारती दिसायला लागल्या, तरी बाबांनी तोंड उघडलं नाही. मावशी पासपोर्ट पिशवीत आहे ना हे पुन्हा पुन्हा पाहत होत्या. विमानतळावर सामान उतरवून झाल्यावर बाबा गाडीला टेकून उभे राहिले.

“सिस्टर, एक विचारतो. त्या दिवशी तुम्ही बसला असता, तर काय ठरवलं असतं?”

मावशींनी लगेच उत्तर दिलं. इतकी वर्षं त्या हाच प्रश्न येईल म्हणून थांबल्या असाव्यात.

“सोडलं असतं तुम्हाला, भाऊ. तुम्ही आत यायच्या आधीच माझं ठरून गेलेलं होतं. जेट्टीवर पडलेल्या त्या माणसाच्या हाताला दवाखान्यात मी स्वतः पट्टी बांधली होती, तरी तो माझ्या मनातही आला नाही.” त्यांनी पिशवीची चेन लावली. “ते लक्षात आलं तेव्हा इतकी घाबरले, की सकाळी आधी नाव काढून घेतलं आणि मगच तुमच्या दारात आले.”

बाबांनी माझ्या हातातून ट्रॉली घेऊन मावशींपुढे आणली आणि वाकून त्यांना नमस्कार केला. बाबांना कुणाच्या पाया पडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.