समोरच्या दुकानातली गोळी

गल्ली त्याला मास्तर म्हणे. शाळेशी त्याचा संबंध नव्हता. पण त्याच्या खुर्चीत भल्याभल्यांना मान खाली घालावी लागे. दाढी करता करता तो साऱ्या गल्लीची टर उडवी, आणि माणसं ती ऐकायलाच येत.

बायकोला जिना चढताना धाप लागू लागली, ओठ निळसर दिसू लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळल्यात. त्यांतून रक्त रेटताना हृदय थकतंय. ही गोळी वाहिन्या सैल ठेवते. पण खंड पडू देऊ नका. एकदम थांबली की त्या पुन्हा आवळतात."

गोळीचं नाव वाचून मास्तरचे कान तापले. याच गोळीवरून त्यानं एका उतारवयाच्या नवरदेवाला गल्लीतून फिरणं मुश्कील केलं होतं. पुरुषांची गोळी! आणि समोरच्या औषधवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

तो नदीपलीकडून गोळ्या आणू लागला.

"अहो, समोर दुकान असताना एवढ्या लांब कशाला?"

"तिथं ताज्या मिळतात."

"भाजी आहे का ती?" ती हसली. गोळीनं तिचा चेहरा लालबुंद होई, डोकं ठणके. पण आता जिन्यात ती मध्येच बसत नव्हती.

मग दुरुस्तीसाठी पूल बंद झाला, नेमक्या गोळ्या संपल्या तेव्हाच. मास्तर समोरच्या दुकानाची पायरी चढला. बाकावर त्याचीच दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"काय मास्तर, आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"डोकं दुखतंय," मास्तर म्हणाला, आणि डोकेदुखीची गोळी घेऊन परतला.

"उद्या आणतो गं," त्यानं बायकोला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही त्यानं तेच सांगितलं, तीही तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्यात कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मास्तरनं आपलं दुकान पुन्हा उघडलं तेव्हा पहिला आला तो औषधवाला. गालांना फेस लागल्यावर त्यानं हळूच विचारलं, "वहिनींना कुठलं औषध होतं हो?"

मास्तरनं गोळीचं नाव सांगितलं आणि आरशात त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. आता तिथं हसू फुटेल म्हणून.

"अहो, ती माझ्याकडे कायम असते," औषधवाला म्हणाला. "माझ्या आईला हेच दुखणं आहे."

वस्तरा हवेतच थांबला.

"पाणी गार झालंय," मास्तर म्हणाला. "बदलून आणतो."

भांडं उचलून तो आत गेला. औषधवाल्याच्या गालांवरचा फेस सुकला, तरी तो बाहेर आला नाही.